सावत्र पांढरा

माझी मोठी मावशी प्लास्टिकला रंग द्यायची. म्हणजे ब्रश घेऊन नव्हे. बादल्या, खुर्च्या, डबे, कंगवे, खेळण्यातल्या गाड्या ज्या दाण्यांपासून बनतात, त्या दाण्यांच्या कारखान्यात ती कामाला होती. साध्या, बिनरंगी प्लास्टिकच्या पोत्यात या रंगीत दाण्यांच्या एक-दोन मुठी मिसळल्या की सगळा घाणा रंगीत होतो. त्या मुठीतला रंग कसा असावा, किती गडद असावा, हे ठरवणं मावशीच्या हातात होतं. हातात कसलं, डोळ्यांत होतं.

कारखान्यात तिला ‘काटाबाई’ म्हणायचे. तिची नजर तराजूच्या काट्यासारखी आहे म्हणून, असं तिच्या तोंडावर सांगायचे. तिची जीभ बाभळीच्या काट्यासारखी आहे म्हणून, असं पाठीमागे. मावशीला दोन्ही अर्थ ठाऊक होते आणि दोन्ही आवडायचे.

लग्नानंतर ती तिथे लागली ती पोती भरायला. मालक तेव्हा तरुण होते आणि कारखाना म्हणजे एक पत्र्याची शेड आणि एक मशीन. एकदा लाल दाण्यांचे दोन ढीग एकाच पोत्यात भरायला तिला सांगितलं होतं. ती फावडं टेकवून उभीच राहिली.

“काय झालं?” मालकांनी विचारलं.

“हे दोन लाल सख्खे नाहीत,” मावशी म्हणाली. “सावत्र आहेत. एका पोत्यात नांदायचे नाहीत.”

मालकांनी दोन्हीकडची मूठ-मूठ उचलून खिडकीशी नेली. त्यांना काही फरक दिसेना. तरी त्यांनी दोन्ही ढिगांतल्या दाण्यांच्या पातळ चकत्या काढायला लावल्या आणि शेजारी शेजारी धरल्या. एक चकती केसभर नारिंगीकडे झुकली होती. मग मावशीच्या हातातलं फावडं गेलं आणि तिच्याकडे रंगाचं टेबल आलं.

ते काम असं असे. गिऱ्हाईक एखादं झाकण घेऊन यायचं, नाहीतर मगाचा फुटका कान, आणि म्हणायचं, हा रंग हवा. मावशी रंगाच्या भुकट्या छोट्या तराजूत मोजून मिसळायची, साध्या दाण्यांबरोबर लहान मशीनमधून काढायची, चकती दाबायची आणि नमुन्याला लावून बघायची. आधी खिडकीच्या उजेडात, मग ट्यूबलाइटखाली, मग पिवळ्या बल्बखाली. कारण काही रंग उन्हात जुळतात आणि बल्बखाली फटकून वागतात. मावशी म्हणायची, “दुकानात गोड बोलले आणि घरी येऊन भांडले, असला रंग द्यायचा नाही.”

याचा त्रास आम्हा नातेवाइकांना व्हायचा. मावशीला कोणाच्या घरी न्यायची सोय नव्हती. ती न्हाणीघरात हात धुवायला जायची आणि बाहेर येऊन घरच्या लोकांना सांगायची, “तुमची बादली आमच्या दाण्यांची आहे, पण हा मग दुसऱ्या कारखान्याचा. जोडी म्हणून गळ्यात मारलीय तुमच्या.” काका कपाळाला हात लावायचे.

काका म्हणजे तिचे यजमान. शिलाई मशीन दुरुस्त करायचे. बोलायचे कमी आणि जे बोलायचे ते मशीनमधल्या बॉबिनकडे बघून. ते आयुष्यभर पांढरेच शर्ट घालत आले. मशीनच्या तेलाचं काम करणाऱ्या माणसाने पांढरे शर्ट का घालावेत, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, “डाग पडला की लगेच कळतो. काळ्या शर्टात माणूस मळकट फिरतो आणि त्याला पत्ताही नसतो.” मी कॉलेजला असताना त्यांच्याकडे राहायला होते, म्हणून हे सगळं मला जवळून दिसलं. कारखान्यात काय झालं ते मावशी संध्याकाळी स्वतःच सांगायची, आणि जे तिने सांगितलं नाही ते मला पुढे केमिस्टकडून कळलं.

ही केमिस्ट मावशीच्या पन्नाशीच्या सुमाराला कारखान्यात आली. लग्न झालेली, एका मुलाची आई, आधी दुसऱ्या कारखान्यात काम केलेली. तिच्याबरोबर मालकांनी रंग मोजायचं यंत्रही घेतलं. त्याच्या भोकावर चकती ठेवायची, आत दिवा लकाकायचा आणि पडद्यावर आकडे यायचे: किती उजळ, किती लाल, किती पिवळा. मावशी त्या यंत्राला ‘डबा’ म्हणायची. पहिली काही वर्षं डब्याचं आणि मावशीचं एकमत असे. मावशी चकती बघून बोलायची, मग केमिस्ट आकडे वाचायची, आणि दोघींचं सारखंच निघायचं. मावशी म्हणायची, “बरा आहे ग तुझा डबा. शिकतोय हळूहळू.” केमिस्ट हसायची. दोघी जेवायला एकत्र बसायच्या.

मग कधीतरी त्यांचं बिनसायला लागलं. गडद रंगांत नाही. तिथे सगळं ठीक होतं. बिनसायचं ते फिकट निळ्यावरून, जांभळ्यावरून आणि मुख्य म्हणजे पांढऱ्यावरून. पांढरा रंग सोपा वाटतो, पण तो सगळ्यांत खट्याळ. थोडा निळसर पांढरा असतो, थोडा सायीसारखा असतो, आणि शेजारी ठेवले तर एक मळका वाटतो. केमिस्ट म्हणायची, “बाई, आकडा पिवळ्याकडे जातोय.” मावशी म्हणायची, “आकडा जातोय तर जाऊ दे. चकती जागेवर आहे.”

एकदा मोठा घाणा निघायचा होता. एका डबेवाल्या कारखानदाराला जेवणाच्या डब्यांच्या झाकणांसाठी पांढरे दाणे हवे होते. केमिस्टने घाणा थांबवला. मावशी तिथेच, मालकांसमोर, मशीनवरच्या लोकांसमोर म्हणाली, “डबा सांगेल तसंच चालायचं असेल तर माझी खुर्ची काढून त्यालाच बसवा. आणि बाई गं, डिग्री मिळाली म्हणून डोळे मिळत नाहीत. ते आईच्या पोटातून आणावे लागतात.”

केमिस्टने मालकांकडे बघितलं. मालकांनी इतक्या वर्षांच्या विश्वासावर मावशीला मान डोलावली आणि घाणा निघाला.

माल परत आला. डबेवाल्याने एक डबा आणि त्याचं झाकण मालकांच्या टेबलावर ठेवलं. डबा पांढराशुभ्र आणि झाकण सायीच्या रंगाचं. मालकांनी मावशीला बोलावलं. तिने दोन्ही उचलून खिडकीशी नेली, फिरवून बघितली, आणि म्हणाली, “मला तर सख्खेच दिसतायत.”

तेवढ्यात टेम्पोचा ड्रायव्हर सही घ्यायला आत आला. मालकांनी त्याला विचारलं, “काय रे, यात काही वेगळं दिसतं का?”

“झाकण पिवळं आहे की,” ड्रायव्हर म्हणाला, सही घेतली आणि गेला.

मावशीने डबा खाली ठेवला. “आज उजेड चांगला नाही,” एवढंच म्हणाली.

त्या दिवशी घरी आल्यावर ती डब्यावर घसरली. जेवणाच्या नव्हे, केमिस्टच्या. “त्याच्या आतला दिवा म्हातारा झालाय. दिवा म्हातारा झाला की पिवळा दाखवणारच. दुरुस्तीवाला बोलावलाय मालकांनी, तो आला की कळेल.”

काका समोर जेवत होते. त्यांच्या अंगात आकाशी रंगाचा शर्ट होता.

इथे शर्टांचं सांगायला हवं. मावशी काकांचे शर्ट स्वतः धुवायची आणि शेवटच्या पाण्यात नीळ घालायची. गेलं वर्षभर तिला वाटत होतं की शर्ट पिवळे पडतायत. म्हणून नीळ थोडी वाढवली. तरी पिवळेच. मग आणखी वाढवली. करता करता काकांचे सगळे शर्ट स्वच्छ निळे झाले होते, आणि मावशीला ते अजून जरा पिवळटच वाटत होते. मी एकदा बोलायला गेले, “मावशी, हे शर्ट...” तर काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मी वाक्य गिळलं.

तर जेवताना काका बॉबिन नव्हती म्हणून ताटाकडे बघत म्हणाले, “दिवे म्हातारे होतात खरे.” आणि ताकास तूर लागू दिली नाही.

दुरुस्तीवाला आला. यंत्र तपासायला त्याच्याकडे पक्क्या रंगाची पांढरी फरशी होती, ती त्याने यंत्रावर ठेवून आकडे ताडून बघितले. यंत्रात काही दोष नव्हता.

मालक भले माणूस होते, पण भिडस्त. मावशीला तोंडावर काही बोलणं त्यांना जमेना. नेमकं त्याच वेळी एक नवं काम आलं. एका दवाखान्याच्या जिन्यांना पट्ट्या लावायच्या होत्या, अंधारात चमकणाऱ्या. वीज गेली, धूर झाला, तर पायरी कुठे संपते आणि बाहेर कुठून जायचं हे लोकांना दिसावं. पट्ट्या बनवणारा दुसरा होता. त्याला दाणे मालकांकडून हवे होते. असल्या चमकणाऱ्या वस्तूंना सगळे ‘रेडियम’ म्हणतात, पण त्यात रेडियम औषधालाही नसतं. एक फिकट पोपटी भुकटी असते. ती दिवसाचा नाहीतर दिव्याचा उजेड पिऊन घेते आणि अंधारात हळूहळू परत सोडते. मालक मावशीला म्हणाले, “बाई, हे नवीन आहे. अनुभवी माणूस पाहिजे. तुम्हीच बघा. पांढऱ्याचं केमिस्ट बघतील.”

मावशीला कळायचं ते कळलं. “बढती दिलीय मला,” घरी येऊन म्हणाली. “अंधारात बसवलंय.”

पण काम हातात आलं की तिला अंगचोरपणा जमत नसे. पहिला घाणा तिने नेहमीसारखा काढला आणि दाणे राखाडी आले. अंधारात नेले तर चमक मेल्यासारखी. भुकटीच खराब म्हणून दुसरी मागवली, तेच. मशीनवरचे मिस्त्री म्हणजे कारखान्यातलं सगळ्यांत जुनं माणूस. त्यांनी मशीन थंड करून आतला लांबलचक स्क्रू बाहेर ओढला, ज्याच्या पिळांमधून प्लास्टिक वितळत पुढे सरकतं. त्याच्या कडांवर लखलखीत ओरखडे होते.

“ही भुकटी नाही, बाई,” मिस्त्री म्हणाले. “ही वाळू आहे. माझं लोखंड खातेय. तुमच्या दाण्यात जो करडा रंग दिसतोय ना, तो माझा स्क्रू आहे.”

केमिस्टने भुकटी बनवणाऱ्यांना फोन लावला. ही भुकटी भरडली गेली की तिची चमकही जाते, असं कळलं. मग तिघांनी मिळून ठरवलं की भुकटी सुरुवातीला टाकायचीच नाही. आधी प्लास्टिक पुरतं वितळू द्यायचं, आणि शेवटाकडे एक तोंड ठेवून तिथून भुकटी सोडायची, म्हणजे तिला नुसतं ढवळलं जाईल, दळलं जाणार नाही. स्क्रू सावकाश फिरवायचा. मिस्त्रींनी मशीनला ते तोंड पाडलं. पुढचा घाणा स्वच्छ आला.

पट्टीवाला आला आणि म्हणाला, पट्टी दिवसा लाल दिसायला हवी. दवाखान्याला लाल हवीय. मावशीने त्याला समोर बसवलं.

“लाल मिळेल. रात्री काळी दिसेल.”

“म्हणजे?”

“लाल रंग घातला की तो बाहेरचा उजेड आत जाऊ देत नाही आणि आतला बाहेर येऊ देत नाही. दारावर बसलेल्या आडमुठ्या रखवालदारासारखा. चमक पाहिजे तर पट्टी दिवसा फिकट पोपटी दिसणार. लालची फारच हौस असेल तर शेजारी वेगळी लाल पट्टी लावा.”

पट्टीवाल्याने बरीच कुरकुर केली. मावशीने त्याला लाल घालून केलेली एक चकती आणि न घालता केलेली एक, दोन्ही अंधाऱ्या खोलीत दाखवल्या. बाहेर आला तो शेजारच्या लाल पट्टीला कबूल होऊनच.

ती अंधारी खोली म्हणजे पूर्वीचं पोत्यांचं कोठार. खिडकीला काळा कागद लावला होता. पट्ट्या आधी ट्यूबखाली ठेवायच्या, मग दिवा घालवायचा आणि डोळे सरावले की बघत बसायचं, चमक कुठवर टिकते ते. पट्टीवाल्याने बाण छापलेल्या नमुन्याच्या पट्ट्या आणल्या, त्या बघायला मालक, केमिस्ट, मिस्त्री आणि मावशी असे चौघं भर दुपारी त्या खोलीत बसले. सुरुवातीला सगळ्यांनी वाहवा केली. मग चमक मंदावली. मालक म्हणाले, “अजून छान दिसतंय.” मिस्त्री म्हणाले, “बाण स्पष्ट आहे.” मावशीही म्हणाली, “हो हो, स्पष्ट आहे.”

केमिस्ट तिच्या शेजारी बसली होती. तिने हळूच विचारलं, “बाई, बाण कुठल्या बाजूला दाखवतोय?”

“उजवीकडे,” मावशी म्हणाली.

बाण डावीकडे होता. मालकांनी ऐकलं नसावं, किंवा ऐकलं तरी तसं दाखवलं नाही. दिवा लागला आणि सगळे बाहेर पडले. मावशी मात्र आतच थांबली. ती पट्टीजवळ गेली, बाण बघितला, आणि तिथेच एका पोत्यावर बसली.

केमिस्ट दारातून परत फिरली.

“माझ्या सासूबाईंना मोतीबिंदू झाला होता,” ती म्हणाली. “त्यांना दूध पिवळं दिसायचं. रोज दूधवाल्याशी भांडायच्या.”

“मला दिसतंय सगळं,” मावशी म्हणाली.

“दिसतं हो. पण पिवळ्या काचेतून दिसतं. तुमची नजर गेली नाही, बाई. काच मळलीय.”

मावशी तिला म्हणाली, “जा तू. तुझं काम बघ.” हे मला केमिस्टने सांगितलं. मावशी घरी आली तेव्हा नुसतीच भाजी निवडत बसली. काका दुकानातून आले, तर तिने न बघता विचारलं, “अहो, तुमच्या अंगात शर्ट कुठल्या रंगाचा आहे?”

काकांनी चप्पल काढली. “निळा,” म्हणाले.

“किती निळा?”

“बऱ्यापैकी. परवा एकाने मला बसचा कंडक्टर समजून तिकीट मागितलं.”

मला हसू आवरेना. मावशी मात्र हसली नाही. “किती दिवस?” तिने विचारलं.

“झालं असेल वर्ष.”

“आणि तुम्ही गप्प?”

“तुझा रंगावर हात आहे,” काका म्हणाले. “मी काय बोलणार? मला वाटलं, आपलं आपल्याला कळेल तेव्हा बरं. दुसऱ्याने सांगितलं की तुला लागतं.”

“लागू दे की!” मावशी एकदम ओरडली. “तिकडे त्या पोरीला मी सगळ्यांदेखत नाही नाही ते बोलले. तुम्ही आधी बोलला असतात तर...” काका तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि भाजी निवडायला लागले. त्यांना निवडता येत नसे. देठं ठेवून पानं टाकत होते. मावशीने त्यांच्या हातातून जुडी काढून घेतली.

डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी बरोबर गेले. त्यांनी दोन्ही डोळे तपासले आणि म्हणाले, दोन्हीकडे मोतीबिंदू आहे, उजवीकडे जास्त. आधी तो डोळा करू. मावशीने विचारलं, “डॉक्टर, नवीन भिंग घालाल ते कुठल्या रंगाचं?” डॉक्टर म्हणाले, बिनरंगी. मावशी म्हणाली, “बघा हं. बिनरंगी म्हणून पुष्कळ लोक पिवळट माल खपवतात.” डॉक्टर मोठ्याने हसले. ती गंमत करत नव्हती.

ऑपरेशननंतर डोळ्यावरची पट्टी काढली तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे नाही, काकांकडे नाही, भिंतीकडे बघत राहिली. मग उजवा डोळा झाकला, डावा उघडला. डावा झाकला, उजवा उघडला. असं कितीतरी वेळ.

“एका डोळ्याने भिंत दुधाची आहे,” ती म्हणाली. “आणि दुसऱ्याने चहाची.”

मग तिची नजर काकांच्या शर्टावर आली. “अरे देवा,” म्हणाली. “हे घालून तुम्ही लोकांत जात होतात?” आणि तोंडावर पदर धरून हसायला लागली, डॉक्टरांनी डोळ्याला ताण देऊ नका म्हटलं तरी थांबेना. काकाही हसले. घरी आल्यावर तिने ते शर्ट उकळायला घातले. नीळ पूर्ण काही गेली नाही, आणि काकांनी ते तसेच वापरून फाडले.

कामावर परत जायच्या दिवशी ती लवकर उठून बसली होती. मला वाटलं आनंदात असेल. ती घाबरली होती. कारखान्यात गेल्या गेल्या तिने परत आलेल्या झाकणांतलं एक मागवलं, ते नव्या डोळ्याने खिडकीशी बघितलं, आणि मशीन चालू असताना सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात केमिस्टला म्हणाली, “सावत्र आहे. ढळढळीत सावत्र आहे. तुझा डबा खरं बोलत होता आणि मी खोटं. जे बोलले ते सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून हेही सगळ्यांसमोर सांगते.”

केमिस्ट म्हणाली, “राहू द्या हो, बाई.”

“राहू कसं देणार? परत आलेल्या मालाचं काय करणार आहात?”

“दळून काळ्यात घालणार.”

“घाला,” मावशी म्हणाली. “काळा पोटात सगळं घेतो.”

केमिस्टला तो डिग्रीचा टोमणा लागलाच नव्हता असं नाही. तिने मला पुढे सांगितलं की त्या दिवसांत ती दुसरी नोकरी शोधत होती. मावशी बोलली त्यानंतरही काही आठवडे ती मोजकंच बोलायची. जेवायला मात्र परत एकत्र बसायला लागल्या.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन महिन्याभरात करायचं ठरलं होतं. मावशीने ते पुढे ढकललं. काका चिडले. ते चिडलेले मी तेव्हाच पाहिले. “आता कसली वाट बघतेस?” म्हणाले.

“पट्ट्यांचं काम संपू दे,” मावशी म्हणाली. “हा डोळा मला लागतो.”

झालं होतं असं की त्या अंधाऱ्या खोलीत ती पुन्हा जाऊन बसली होती. नव्या डोळ्याने बाण स्वच्छ दिसत होता. जुन्या डोळ्याने दिसत नव्हता. नुसता एक धूसर पोपटी डाग. तिने मालकांना आणि पट्टीवाल्याला आत बोलावून बसवलं.

“दवाखान्याच्या जिन्यावर कोण चालतं?” तिने विचारलं.

“पेशंट,” पट्टीवाला म्हणाला. “त्यांचे नातेवाईक.”

“त्यातले म्हातारे किती?”

“असतील बरेच.”

“त्यांच्यातल्या निम्म्यांचे डोळे माझ्या या डाव्या डोळ्यासारखे असतील. त्या दिवशी आम्ही चौघं बसून बाण छान दिसतो म्हणालो. ज्यांना खरं बघायचंय त्यांना हा बाण दिसणारच नाही. मला दिसला नव्हता, आणि मी दिसतो म्हणून सांगितलं होतं.”

पट्टीवाला म्हणाला, दवाखान्याने मागितलंय तसं दिलंय. मालक म्हणाले, “बाई बरोबर सांगतायत.” भिडस्त माणूस, पण त्या दिवशी ठाम राहिले. मग बाणाची जाडी वाढली, पट्टी रुंद झाली, आणि तिच्या खाली पांढरं अस्तर घातलं, म्हणजे मागे जाणारा उजेडही पुढे फेकला जाईल. दर वेळी नवा नमुना आला की मावशी उजवा डोळा तळहाताने झाकून बसायची आणि दिवा घालवायला सांगायची. अस्तराचा पांढरा कुठला घ्यायचा हे केमिस्टने ठरवलं. मावशी त्यात पडली नाही.

पट्ट्या लागल्या. दवाखान्यातल्या लोकांनी एकदा वीज बंद करून बघितलं. मावशी आणि केमिस्ट दोघी तिथे गेल्या होत्या. एका आजीबाईंना जिन्याच्या वर उभं करून खाली यायला सांगितलं. त्या कठडा धरून आल्या आणि खाली येऊन म्हणाल्या, “एवढं काय त्यात, दिसतंय की.” मावशीला हे उत्तर फार आवडलं. त्यानंतर तिने डावा डोळाही करून घेतला.

तिने मालकांकडे एकच मागणी केली: रंगाच्या कामावर जो जो आहे त्याचे डोळे वर्षातून एकदा तपासायचे. केमिस्टचे, स्वतःचे, आणि मशीनवरच्या लोकांचेही. सगळ्यांत जास्त कुरकुर मिस्त्रींनी केली. माझ्या डोळ्यांना काही झालेलं नाही, मला चष्माही नाही, वगैरे. शेवटी गेले. तपासणाऱ्याने त्यांना ठिपक्यांच्या चित्रांतले आकडे वाचायला सांगितले. पहिला सोडला तर मिस्त्रींना एकही दिसेना. त्यांना लाल आणि हिरवा वेगळा कळत नव्हता. जन्मापासूनच. आणि हा माणूस उभं आयुष्य रंगाच्या कारखान्यात मशीन चालवत आला होता.

“मग तुम्ही लाल घाण्यात हिरवं पोतं कसं नाही ओतलंत?” मालकांनी हादरून विचारलं.

“पोत्यावर चिठ्ठी असते ना,” मिस्त्री म्हणाले. “मी वाचून ओततो. मला वाटायचं, सगळे तसंच करतात. तुम्ही रंगांवरून एवढे भांडायचात, मला वाटायचं, ही आपली मोठ्या लोकांची हौस.”

घरी येऊन हे सांगताना मावशीला खुर्चीत बसवत नव्हतं, इतकी हसत होती. पण दुसऱ्या दिवशी तिने सगळ्या पोत्यांवरच्या चिठ्ठ्या तपासल्या. काही फाटल्या होत्या, काहींची शाई उडाली होती. तिने त्या सगळ्या बदलून घेतल्या आणि अक्षरं मोठी करायला लावली. मिस्त्री म्हणाले, “अक्षर मला आधीही दिसत होतं, बाई.”

“तुम्हाला दिसत होतं,” मावशी म्हणाली. “तुमच्या मागून येईल त्याचं काय सांगावं?”